माझ्या गळ्यात दोन दोरे

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. यांच्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. देवापुढे डोळे मिटून बसते तेव्हाही नाही — तिथे मी दुसरंच काहीतरी बोलते आणि उठते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि समोरही नाही. समोर माणूस असलं की माझ्या तोंडून शब्द निघत नाही. लहानपणापासूनच तसं. चौथीनंतर शाळा सुटली, लिहायची सवय नाही. पण लिहिताना मध्येच थांबता येतं. थांबलं तर कुणी तोंडाकडे बघत बसत नाही.

कुठून सुरू करू? फुटबॉलपासून करते. हसाल तुम्ही — किराणा दुकानामागच्या स्वयंपाकघरात जन्म गेलेली बाई, तिला कशाला हवा फुटबॉल?

माझी मुलगी गिरिजा पहिल्या बाळंतपणाला आली आहे. चारठाण्याला दिली आहे तिला. आठवा लागलाय. ती आली आणि तिकडे परदेशात बायकांच्या फुटबॉलची ती देशादेशांची मोठी स्पर्धा सुरू झाली. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली दुपार. गिरिजा भिंतीला टेकून, पाय लांब करून, मोबाइल पोटावर उभा धरून बघायची. आपल्या देशाच्या संघात रेणू आहे. रेणू आमच्या गावची. तिचा बाप येलदरीच्या धरणात मासे धरतो. शाळेत गिरिजाची जिवाभावाची मैत्रीण होती ती. — होती.

पहिली मॅच आपण हरलो. रेणू त्यात खेळलीच नाही, बाकावर बसून होती. मी शेंगा फोडत बसले होते. म्हटलं, "झालं. आता येत्याल घरी."

गिरिजा हसली. "अगं आई, असं नसतंय ते. हा गट हाय." तिनं माझ्या सुपातले चार शेंगदाणे उचलून फरशीवर मांडले. "ह्या चौघीजणी. हरएक जण बाकीच्या तिघींसंगं खेळणार. एकदा हरलं म्हणून लगेच कुणी घरी धाडत न्हाई. तीन बार मिळतंय खेळायला. तिन्ही झाल्यावर मग बघत्यात, कोण पुढं अन् कोण घरी." मग त्यातला एक शेंगदाणा उचलून तिनं तोंडात टाकला. "ही आपल्याला हरवणारी. खाल्ली तिला."

मीही हसले. पण ते माझ्या मनात अडकून बसलं. एकदा चुकलं तरी संपत नाही, अजून मिळतं. मलाही मिळालं होतं. — थांबा. सगळं नीट सांगते.

आम्ही लिंगायत. आमच्यात मूल जन्मलं की त्याला इष्टलिंग बांधतात. चांदीच्या छोट्या डबीत असतं, दोऱ्यानं गळ्यात घालायचं. ते अंगावेगळं करायचं नाही — झोपताना नाही, न्हाताना नाही. सासरे, आमचे आप्पा, या बाबतीत फार कडक. सकाळची लिंगपूजा झाल्याशिवाय ते पाण्याचा घोटही घेत नसत.

गिरिजा नववीत असताना शाळेत खेळाच्या एक मॅडम आल्या. त्यांनी मुलींचा फुटबॉल सुरू केला. गिरिजा आणि रेणू दोघी त्यात. पण गळ्यात काही घालून खेळता येत नाही. पंच आधी सगळ्यांचा गळा तपासतो. गिरिजा रडत घरी आली. काढता येत नाही आणि काढल्याशिवाय खेळू देत नाहीत. मग काय करायचं तिनं?

मीच म्हटलं, "मला दे. माझ्या गळ्यात ठेवते."

हे मी म्हटलं. आजही मला त्याचं नवल वाटतं. मी — जी दुकानात गिऱ्हाईक आलं की पडद्याआड सरकते, ती.

मग ते रोजचंच झालं. शाळेच्या कुंपणाला लागून पिठाची गिरणी आहे. घरात दळणाचं निमित्त सांगून मी डबा घेऊन मागच्या दारानं निघायची. डबा गिरणीत ठेवायचा आणि ग्राउंडच्या कडेला लिंबाखाली बसायचं. गिरिजा पळत येऊन दोरा माझ्या गळ्यात टाकायची. पदराखाली दोन डब्या, एक माझी, एक तिची. तिची डबी तिच्या अंगाची ऊब घेऊन यायची. खेळ संपला की ती नळावर हातपाय धुवायची, मग मी ती पदरानं पुसून तिच्या गळ्यात घालायची. हे आम्हा दोघींना ठाऊक होतं आणि रेणूला.

रेणूच्या पोटात काही राहायचं नाही. सारखी बडबड. एकदा मला म्हणाली, "मावशी, तुमी दोन-दोन देव घेऊन बसलाव, अन् तिकडं आपल्या गोलकीपरच्या गळ्यात एकबी न्हाई. एक तिला द्या, न्हाईतर आज धा गोल व्हत्याल." मी इतकी हसले, की गिरणीवाला बाहेर येऊन बघायला लागला.

सांगायचं म्हणजे — त्या दुपारी माझ्या होत्या. लग्न झाल्यापासून मी कुठे गेले होते? लग्नकार्य, दवाखाना, जिंतूरचा बाजार, तोही यांच्या मागे मागे. लिंबाखाली मी कुणाच्या मागे नव्हते. पोरी ओरडायच्या, पडायच्या, गुडघे फोडून घ्यायच्या आणि मी नुसती बसायची. तेवढंच. पण तेवढंही आधी कधी नव्हतं.

मग मॅडम एकदा घरी आल्या. म्हणाल्या, दोघींची निवड झाली आहे, बाहेर होस्टेलवर राहायचं, शाळा आणि खेळ दोन्ही तिकडेच. गिरिजाचा आनंद डोळ्यांत मावत नव्हता. सगळं आप्पांच्या हो-नाहीवर होतं. आणि आप्पा नाही म्हणाले नव्हते. हे मला लिहिलंच पाहिजे. "बघू, इचार करू," म्हणाले होते. त्यांच्या भाषेत ते अर्धं हो होतं.

पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले, की मला भीती वाटली. वयात आलेली पोर, परकं गाव. कुठल्या आईला वाटणार नाही? पण ते खरं नाही. किंवा सगळं खरं नाही. गिरिजा गेली असती तर मी कुणाचा दोरा गळ्यात घालून लिंबाखाली बसले असते? डबा गिरणीत ठेवून सरळ घरी यावं लागलं असतं. ती जाणार होती आणि मी राहणार होते. मला ते सोसवलं नाही. माझ्याच पोरीचा मला हेवा वाटला — हा शब्द लिहायला मला बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी आप्पांना जेवायला वाढताना मी म्हटलं, "आप्पा, पोरगी खेळताना इष्टलिंग काढती."

एवढंच. कुणाकडे देते, ते म्हटलं नाही.

आप्पांनी हातातला घास ताटात ठेवला. रागावले नाहीत. हात धुऊन उठले. संध्याकाळी मला हाक मारली. "सूनबाई, काढती म्हंजे ठेवती कुठं? मातीत?"

मी म्हटलं, "मला ठाव न्हाई."

त्यांनी स्वतःच्या गळ्यातली डबी सरळ केली. मग म्हणाले, "घरच्याच माणसाच्या अंगावर राहत असतं, तर मठात जाऊन म्हाराजांना तरी इचारलं असतं. मातीत ठेवलं तर काय तोंडानं इचारू?"

मी पदर गळ्याशी धरून उभी होते. एक शब्द बोलायचा होता. तो माणूस वाट शोधत होता, आणि ती वाट माझ्या गळ्यात होती. मी बोलले नाही. बोलले असते तर माझं गिरणीचं खोटंही उघडं पडलं असतं.

त्यांनी गिरिजाला बोलावलं. मी दाराआड. "मातीत ठेवत व्हतीस?"

तिनं माझं नाव घेतलं असतं तर तिथेच सगळं मिटलं असतं. तिनं घेतलं नाही. खाली मान घालून म्हणाली, "व्हय आप्पा."

मला वाचवायला. कळतंय ना तुम्हाला? मी तिला बुडवलं होतं आणि ती मला वाचवत होती.

खेळ बंद झाला. होस्टेलही. तिनं दोन दिवस भाकरीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी मी चुलीपाशी असताना येऊन शेजारी बसली. म्हणाली, "रेणूनंच सांगितलं असंल. दुकानात आली असंल अन् बोलून गेली असंल. तिलाच ठाव व्हतं. दुसरं कोण सांगंल? तिनंच ना, आई?"

भाकरी तव्यावर होती. मी ती उलटली. म्हटलं, "हूं."

तिला वाटणं बरोबरच होतं. दोरा ज्या बाईच्या गळ्यात, ती बाई कशी सांगेल?

रेणू दारात आली तेव्हा गिरिजानं कडी लावून घेतली. पुढे रेणू मीठमिरची घ्यायच्या निमित्तानं कितीदा दुकानात यायची. बडबड बंद झाली होती तिची. पडद्याकडे बघत विचारायची, "मावशी, काय झालं ओ तिला? माझं काय चुकलं?" मी आतूनच म्हणायची, "काई न्हाई, डोकं दुखायलंय तिचं." मग रेणू एकटीच होस्टेलला गेली. आप्पा वारले. गिरिजा बारावी झाली, लग्न झालं. जावई चांगले आहेत. ती दुःखी आहे असंही नाही. हसते, खाते, सासूशी भांडते. ती दुःखी असती तर मी कधीतरी बोलले असते का? तेही मला सांगता येत नाही.

दुसरी मॅचही आपण हरलो. तिसरीला अजून काही होईल असं गिरिजा म्हणत होती — आपण मोठ्या फरकानं जिंकलो आणि दुसरीकडच्या दोघींचं असं-असं झालं तर. मी ऐकत होते. ते होणार नाही हे मलाही दिसत होतं.

तिसरी मॅच संपत आली आणि रेणू बाकावरून उठली. मैदानात सोडण्याआधी पंचांपैकी एका बाईनं तिचे बूट बघितले, हात बघितले. रेणूनं मान वर करून मोकळा गळा दाखवला. गिरिजाचा हात स्वतःच्या गळ्यातल्या डबीकडे गेला. माझा माझ्या.

रेणू जीव तोडून पळत होती. "पळती कशी बघ," गिरिजा म्हणाली. मग थोड्या वेळानं, "लबाड."

आपण हरलो. तिन्ही झाल्या. त्या पोरी मैदानातच खाली बसल्या. गिरिजानं मोबाइल पालथा ठेवला आणि डोकं माझ्या मांडीवर टेकलं. ऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं. दुकानात हे कुणाला तरी साखर जोखून देत होते.

"आई," ती म्हणाली, "तू व्हतीस म्हणून तेवढं तरी खेळाया मिळालं मला."

मी तिच्या केसांवरून हात फिरवत होते. म्हटलं, "हूं."