उत्तराचं भाषण

श्रीपाद गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी अजमानहून दुबईला परतताना सिग्नलला थांबलो होतो. डोळे भरून आले आणि त्याच क्षणी मनात आलं, मेल्या, आता शोकसभासुद्धा हाऊसफुल करशील! या मित्राचा मत्सर मी इतकी वर्षं केला, अगदी मनापासून, रोज ताजा.

अल मनखूलमधल्या आमच्या मराठी मंडळींत कुणी दुबई कायमची सोडून निघालं की निरोपाला त्याची यथेच्छ टिंगल करायची. मी नकला करायचो. टाळ्या पडायच्या, पण एका वहिनींची चाल करून दाखवली तर त्या वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत. श्रीपादनं सोललेली माणसं मात्र त्याच्याच गळ्यात पडायची! एसीच्या कंपनीतला हा इंजिनिअर दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका रोमन विनोदी कवीच्या नादी लागला होता. "अरे, तो माणसाला झोडत नाही, त्याच्या हावेला गुदगुल्या करतो," तो सांगायचा. "आणि सगळ्यात आधी स्वतःच्या." देसायांच्या निरोपाला म्हणाला, "माझा पुण्याचा फ्लॅट कधीचा तयार आहे. सोफ्यावर चादर घातलीय, धूळ बसू नये म्हणून. मी इथे राबतोय आणि सोफा तिथे निवृत्त होऊन बसलाय. देसाई, तुमच्या चादरीचा रंग कोणता?" हॉल कोसळला. देसाई डोळे पुसत म्हणाले, "निळा रे बाबा… निळा." मी टाळ्या वाजवत होतो आणि आतून जळून खाक होत होतो.

शोकसभेत बोलायला मलाच सांगितलं. म्हटलं, यल्ला, चला, आज हॉल आपला! श्रीपादचीच नक्कल केली. तो खांदा उडवणं, ते वाक्याआधी उगाच खोकणं… त्याची बायको, आमच्या शैलावहिनीसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. जन्मभर ज्याची वाट पाहिली तो हशा मिळाला. मी झोकात वाकलो.

आता, आमची रीत अशी की टिंगल झाली की निरोप घेणाऱ्यानं उत्तर द्यायचं. सूत्रसंचालक जोशी सवयीनं बोलून गेले, "उत्तरादाखल आता श्रीपाद…" आणि पांढरे पडले. सगळा हॉल रिकाम्या माइककडे बघत राहिला. मग शैलावहिनीच म्हणाल्या, "थांबा हो. ह्यांना पहिलं वाक्य सुचायला वेळ लागतो."

काय हशा झाला! लोक हसता हसता रडायला लागले. माझी नक्कल कुणाच्या लक्षातही उरली नाही. एक शब्द न बोलता त्यानं हॉल नेला…

जोशी माइक बंद करायला पुढे झाले. मीच त्यांचा हात धरला. "हबीबी, थांब जरा. बोलू दे त्याला."