मास्टरांचा अकरा फुटी डोंगा

मुलीच्या लग्नासाठी पँट शिवायला मी पहिल्यांदा गुलाबराव मास्टरांच्या दुकानात गेलो. त्यांनी माझ्या कमरेला टेप लावला, दोन पावलं मागे सरकून मला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाले, "नऊ फूट." मी घाईघाईने पोट आत ओढलं. पोट सुटलंय असं बायको सांगत होतीच, पण प्रकरण फुटांवर गेलं असेल असं वाटलं नव्हतं. माझा चेहरा पाहून मास्टर म्हणाले, "पँटचं नाही सांगून राहिलो, सर. तुमाले मासोळी धरायची झाली तं नऊ फुटाचा डोंगा लागन. आठाचा तुमच्यानं डुबन."

मास्टर आता नाहीत. कामठीत त्यांचं शिलाईचं दुकान होतं, पाटीवर 'फक्त जेंट्स'. सहा दिवस मशीन आणि रविवारी कन्हान नदी, असा त्यांचा नेम. आठ फुटांच्या छोट्या लाकडी डोंग्यात एकटेच गळ टाकून बसायचे. मासे फार मोठे नसत, पण मास्टरांना त्याचं काही नव्हतं. डोंगा मात्र मापातच हवा. नवा डोंगा घेणारा कुणीही असो, आधी मास्टरांकडे यायचा. मास्टर त्याला दुकानाच्या फरशीवर मांडी घालून बसवत, भोवती खडूने रेघ मारत आणि तासभर तसंच बसायला सांगत. "डोंगा कोटासारखा राह्यते," ते म्हणत. "सैल झाला तं वारा नेते, तंग झाला तं पाणी घेते."

चार वर्षांपूर्वी भर नदीत त्यांना घेरी आली. पलीकडच्या कोळ्याने पाहिलं म्हणून निभावलं. नागपुरात नोकरीला असलेला मुलगा धावत आला आणि आठ फुटी डोंगा कुणाला तरी देऊनच परतला. जाताना बजावून गेला, "बाबा, सोबत कोणी असन तरच पाण्यात. नाही तं नदी बंद." मास्टरांना नदी बंद म्हणजे निम्मा जीव बंद. आता दोघांचा डोंगा हवा होता, आणि दुसरा माणूस ठरल्याशिवाय त्याचं माप ठरत नव्हतं.

मी मोठ्या उमेदीने पुढे झालो. मास्टरांनी फरशीवर लांबडी रेघ मारली, एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला मी. गळ टाकल्यावर गप्प बसायचं, एवढीच परीक्षा. पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसाला इतकी कठीण परीक्षा कुणी घेऊ नये. दहाव्या मिनिटाला मी भोसल्यांच्या काळात पोचलो होतो. मास्टरांनी हात टेकले. "सर, तुमचं अंग बसते डोंग्यात. तोंड नाही बसत."

उरल्या त्यांच्या बायको, कमलवहिनी. त्यांना पाण्याची विलक्षण भीती. "मी हापशीचं पाणी पाह्यलेली बाई," त्या म्हणायच्या. "बादलीच्या वर पाणी दिसलं का मले गरगरते." विचारलं असतं तर नकारच आला असता, म्हणून मास्टरांनी विचारलंच नाही. त्यांनी अंगणात खडूने डोंगा काढला आणि वहिनींना म्हणाले, "अवं, इथं सावली हाय, मेथी इथंच निवड." स्वतः दुसऱ्या टोकाला गळ घेऊन बसले. आठवडाभर ही दोघं कोरड्या अंगणात नौकाविहार करत होती आणि वहिनींना त्याचा पत्ता नव्हता. गल्लीतले लोक मात्र फाटकाशी थांबून बघून जायचे.

माप पक्कं झालं, अकरा फूट. खाप्याला किसन नावाचा माणूस डोंगे बनवायचा, त्याच्याकडे मास्टर मला घेऊन गेले. सगळी मापं लिहून दिल्यावर हळूच म्हणाले, "आन् दोन्ही बाजूनं चार बोटं मार्जिन आत ठेवजो. पुढं अंग भरलं तं उसवून सैल करता येईन." किसनने रंधा खाली ठेवला. "मास्टर, काय सांगून राहिले गा तुमी? लाकूड उसवते काय?" मास्टर इतके लाजले की चहा न घेताच बसकडे निघाले.

डोंगा आला. वहिनींनी तो पाहिला, खडूची रेघ आठवली आणि त्यांचा पारा चढला. "मले न इचारता माह्यं माप घेतलं तुमी? मी नाही चढत. हे काय नदी पोहून जायचं वय हाय माह्यं?" डोंगा अंगणात पालथा पडून राहिला. मास्टर रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने त्याच्यावरची धूळ पुसत. रविवारी दुकान उघडं दिसू लागलं. तसं ते मी कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगतो, मला ते बघवेना.

महिन्याने मुलाने गिऱ्हाईक आणलं. दोन धडधाकट भाऊ होते. त्यांनी डोंगा सुलटा केला, ठोकून पाहिला, एकाने पुढचं टोक उचललं. मास्टर आत जाऊन उगाच सुईत दोरा ओवत बसले. मी अंगणातच होतो. तेवढ्यात वहिनी हात पुसत बाहेर आल्या. "ठेवा खाली." भाऊ गडबडले. वहिनींनी लुगड्याचा काष्टा खोचला, डोंग्यात पाय टाकला आणि आपल्या टोकाला बसून दाखवलं. "हा माह्या मापाचा हाय. तुमाले नाही बसत." मग घराकडे तोंड करून ओरडल्या, "अवो, येता काय? का मी एकटीच जाऊ?"

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावर मी दोर धरून उभा होतो. वहिनींनी डोंग्याचे दोन्ही काठ घट्ट पकडले होते, डोळे गच्च मिटलेले. मास्टरांनी गळ आणलाच नव्हता. त्यांनी वल्ह्याने हलकेच रेटा दिला आणि डोंगा जराही न कलता पाण्यावर सरकला. वीस-पंचवीस हात गेल्यावर तो स्थिर झाला. पाण्यावरून बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"किती फुटाचा हाय म्हणले हा?" डोळे न उघडता वहिनींनी विचारलं.

"अकरा."

"बाराचा करायचा होता. तुमी लई जवळ बसून राहिले."

"सरकू काय मांगं?"

"नका," वहिनी म्हणाल्या. "हलन तो."