पाठीवर पाय

माझ्या पाठीवर माणूस उभा राहिला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. आमच्याच अंगणात, दिवसाढवळ्या. आबानं माझे हात धरले होते आणि भावानं पाय.

पण आधी पाठीचं सांगते. आमचं गाव धारूरच्या डोंगरात. दसरा झाला की आई-बाप ऊस तोडायला खाली जायचे. आईला आम्ही माय म्हणतो, बापाला आबा. शाळा सोडून मीही जायचे. एका वर्षी उसाच्या फडावर आमच्या पाचटाच्या झोपडीमागं, कोपीमागं, साडीचा आडोसा करून माय मला न्हाऊ घालत होती. पाठ घासता घासता तिचा हात थांबला. उजव्या खांद्यामागचं हाड बाहेर आलं होतं. तिनं पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाली, नीट उभी ऱ्हा. मी नीटच उभी होते. तिनं दुसरा घातला. मग ती मागं सरली, मला वळवून वळवून बघितलं, आणि अंगावर पाणी ओतलं.

आबाला वाटायचं मी कामचुकार आहे. मोळी उचलताना मी एका बाजूला झुकायचे तर तो उसाचं टिपरू फेकून मारायचा. मी मोठी होत गेले तसा बाकही वाढत गेला. एक खांदा वर, एक खाली, कमरेच्या एका बाजूला खळगा. झंपर शिवणारी बाई दर वेळी माप दोनदा घ्यायची. कॉलेजात पोरं मागून चालत यायची आणि एक जण माझ्यासारखा झुकून चालून दाखवायचा. एकदा मी वळून त्याच्या तोंडावर थुंकले. पुन्हा कुणी तसं चाललं नाही.

दुखणं सतराव्या वर्षी सुरू झालं. बसलं की अर्ध्या तासानं कुणीतरी मागून कुऱ्हाडीच्या बोथट बाजूनं मारायला लागायचं. एकाच जागी, खांद्याच्या खाली, परत परत. आडवं झालं की ते कमरेत उतरायचं आणि तिथं कोंबडीची मुंडी पिरगाळल्यासारखं पिरगाळायचं. मी उशी चावायचे. भिंतीवर डोकं आपटायचे, कारण डोक्यातली कळ निदान मी केलेली असायची. एका परीक्षेत मी बाकावर बसून मांडीत कर्कटक खुपसलं होतं, पाठीकडचं ध्यान तिकडं जावं म्हणून. पेपर पुरा लिहिला. सलवारीवर रक्ताचा डाग पडला तर बाईंना वेगळंच वाटलं आणि त्यांनी मला लवकर घरी जाऊ दिलं.

तर हे सगळं बघून भावाला वाटलं, आता काहीतरी करायला पाहिजे. भाऊ माझ्याहून मोठा. धारूर ते वडवणी काळीपिवळी जीप चालवायचा. हात सैल, तोंड त्याहून सैल. त्याच्या जीपमधल्या कुण्या बाईनं केजकडच्या एका पैलवानाचं सांगितलं. पैलवान हाडं बसवतो, निखळलेले खांदे, लचकलेल्या कमरा, सगळं. भाऊ त्याला जीपमध्ये घालून घेऊनच आला. माय शेतात कापूस वेचत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पैलवानानं माझ्या पाठीवरून नुसता अंगठा फिरवला. म्हणाला, मणका सरकलाय, जागेवर बसवावा लागंल. अंगणात सतरंजी टाकली. मला पालथं झोपवलं. करडईच्या तेलानं पाठ चोळली तोवर बरं वाटत होतं. मग तो आबाला म्हणाला हात धरा, आणि भावाला म्हणाला पाय धर. मला तेव्हा कळलं. मी उठायला लागले तर भावानं माझ्या पोटऱ्यांवर गुडघे टेकले.

पैलवान माझ्या पाठीवर चढला. आधी एक पाय, मग दुसरा. श्वास तोंडातून बाहेर गेला आणि परत आत आला नाही. सतरंजीखालची माती दातांत आली. त्यानं टाच त्या बाहेर आलेल्या हाडावर ठेवली आणि सगळं अंग त्यावर टाकलं. आवाज आला. वाळलेलं लाकूड मोडल्यासारखा. मला दुखलं नाही, हे अजून आठवतं. दुखायच्या आधी डावा पायच गेला. तिथं पाय आहे असं वाटेचना.

मी ओरडत असणार, कारण बांधावरून मायला ऐकू गेलं. ती कमरेला कापसाची ओटी बांधूनच धावत आली. अंगणात जळणाला कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीचा ढीग रचलेला होता. त्यातला एक जाड दांडका तिनं ओढला आणि पैलवानाच्या कानशिलावर हाणला. तो माझ्या पाठीवरून खाली पडला. माय थांबली नाही. तोंडावर, हातांवर, तो पळायला लागला तर पाठीवर. पऱ्हाटीच्या बोंडांचे काटे त्याच्या गालात घुसले होते. भाऊ तिला धरायला गेला तर तिनं त्यालाही हाणलं. त्यानं तिला ढकललं, ती ओट्याच्या कडेवर पडली आणि तिचं कोपर फुटलं. तेव्हा आबा उठला. आबानं भावावर आयुष्यात हात टाकलेला नव्हता, सगळा मार माझ्या वाट्याचा. त्या दिवशी त्यानं भावाला केसाला धरून खाली पाडलं आणि पायातल्या पायताणानं इतकं मारलं की शेजाऱ्यांना येऊन सोडवावं लागलं. मी तशीच पालथी पडून होते. माझ्या डोक्याजवळ कापूस सांडला होता.

संध्याकाळपर्यंत पायात मुंग्या आल्या, मग पाय आला. पण दुसऱ्या दिवशी माय मला घेऊन दवाखान्यात गेली. तिथून त्यांनी पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. सोबत आबा होता आणि गाडी चालवायला भाऊ, सुजलेल्या तोंडाचा. सगळे एकाच जीपमध्ये.

उभं करून काढलेला एक्स-रे डॉक्टरांनी उजेडाच्या पाटीवर लावला. मी माझा कणा पहिल्यांदा बघितला. डोंगरातून उतरणाऱ्या पायवाटेसारखा, आधी इकडं, मग तिकडं. डॉक्टर बाई माझ्याशी बोलत होत्या, आबाशी नाही. याला स्कोलिओसिस म्हणतात, म्हणाल्या. वाढीच्या वयात होतो, मुलींना जास्त, आणि बहुतेक वेळा का होतो ते कुणाला सांगता येत नाही. आबानं खाली बघून विचारलं, मोळ्या उचलल्यानं झालं का? बाई म्हणाल्या, नाही. मारल्यानं? त्या आबाकडं वळल्या. मारल्यानंही नाही, म्हणाल्या, पण म्हणून मारायचं नसतं. आणि पाठीवर कुणी परत उभा राहिला तर पाय कायमचा जाईल.

मग त्यांनी ऑपरेशनचं सांगितलं. पाठ वरून खाली उघडायची, मणक्यांत स्क्रू बसवायचे, दोन्ही बाजूंनी धातूच्या सळया घालायच्या. बाक इतका आहे की तो थांबणार नाही, वाढत जाईल, पुढं श्वासाला त्रास होईल. ऑपरेशननं बराच सरळ होईल. दुखणं कमी होईल, पण सगळं जाईल असा शब्द देता येत नाही. पाय जाण्याचा धोका थोडा आहे, पण आहे. सरकारी योजनेत बसतं. विचार करा आणि या.

आम्ही विचार केला म्हणजे वर्षभर भांडलो. आबा म्हणायचा, डॉक्टरीणबाईच म्हणती तर करू. भाऊ म्हणायचा, पायानं गेली तर तिला जन्मभर उचलणार कोण. आणि माय ऐकूनच घेत नव्हती. जिनं माझ्यासाठी पैलवानाला रक्तबंबाळ केलं तीच आडवी आली. मी विषय काढला की ती हातातलं भांडं आपटायची. एकदा मी फारच लावून धरलं तर तिनं कवाड लोटलं, लुगडं सोडलं आणि पोट दाखवलं. बेंबीच्या खाली आडवा वण. शिवण एका बाजूला उसवून परत जुळलेली, तिथं मांसाची गाठ.

ते मला अर्धंमुर्धं माहीत होतं. आमच्याकडच्या कितीतरी बायांचं तसंच. मी लहान असताना तिचं पोट दुखायचं, महिन्याचा त्रास व्हायचा, कामाचे दिवस बुडायचे म्हणून मुकादम कुरकुर करायचा. एका डॉक्टरनं सांगितलं पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. काढली. टाके ओले असताना ती फडावर परत गेली आणि डोक्यावर मोळी असताना शिवण उसवली. लुगडं रक्तानं भिजलं तरी गाडी भरून झाल्यावरच तिला खाली बसू दिलं. तेव्हापासून तिची हाडं दुखतात, अंगात आग होते, आणि ती अजून म्हातारी नाही.

"कापलेलं मानूस परत जुळत न्हाई, पोरी," ती म्हणाली. "मी जुळले न्हाई."

मी बाहेर येऊन गोठ्याच्या खांबाला लाथा मारल्या. लाथ मारली की पाठीत वीज जायची. तरी मारत राहिले.

त्यानंतर वडवणीच्या बाजाराचा दिवस आला. मायनं भाकरीचा नवा तवा आणायला सांगितला होता. परत निघताना मी भावाच्या जीपमध्ये मधल्या सीटवर बसले होते, मांडीवर तवा. माणसं कोंबणं चालू होतं. माझी पाठ पेटलेली होती, म्हणून मी एका कुल्ल्यावर रेलून बसले होते. भाऊ खिडकीतून आत बघत सगळ्यांसमोर म्हणाला, ए वाकडे, सरळ बस की, दोन मानसांची जागा खाती. माणसं हसली. मी तवा उचलला आणि त्याच्या तोंडावर मारला.

भुवई उभी फाटली. रक्त डोळ्यात, मिशीत, शर्टावर. बाया उतरून पळाल्या. भावानं हात उगारला. मला वाटलं आता हा मला इथंच मारून टाकतो, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. मी मान पुढं केली. पण हात वरच राहिला. तो माझ्याकडं एका डोळ्यानं बघत होता. मग त्यानं हात खाली घेतला, रुमाल भुवईवर दाबला आणि माणसांना सांगितलं, दुसरी गाडी बघा. वडवणीतच टाके घातले. दवाखान्यात म्हणाला, जॅक निसटला. जीपमध्ये परत बसल्यावर त्यानं चावी फिरवली नाही.

"लई दुखतं का गं?" त्यानं विचारलं.

इतक्या वर्षांत हे घरातल्या कुणी मला विचारलं नव्हतं. मार मिळाला होता, तेल मिळालं होतं, अंगारा मिळाला होता. मी हो म्हणाले. कसं दुखतं ते सांगितलं, कुऱ्हाडीचं, कर्कटकाचं. तो स्टिअरिंगला धरून ऐकत राहिला.

घरी येऊन मी मायला सांगितलं की मी ऑपरेशन करणार. तिनं परत पोटाकडं हात नेला तर मी तो धरला. म्हणाले, "तुला कुनी इचारलं न्हवतं, माय. मला इचारलंय. मी हो म्हनले."

ती माझा हात झटकून आत गेली. दोन दिवस तिनं मला जेवायला वाढलं नाही, मीच घेऊन खाल्लं. निघायच्या सकाळी बघते तर ती सगळ्यांच्या आधी जीपमध्ये बसलेली, मांडीवर भाकरीचं गाठोडं, तोंड दुसरीकडं.

ऑपरेशनचं मला आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा कुणीतरी सांगत होतं, पायाची बोटं हलव. हलवली. दोन्ही पायांची हलली. त्यानंतरचे दिवस मात्र आठवतात. अंगात कुणीतरी तापलेली पहार ठोकून तशीच सोडून गेलंय असं वाटायचं. कूस बदलायची तर दोघी नर्स मला ओंडक्यासारखं वळवायच्या. पहिल्यांदा उभं केलं तेव्हा मी नर्सच्या दंडाला चावले. ती म्हणाली, चाव, पण उभी राहा. मी ओकले आणि उभी राहिले. माय कोपऱ्यात होती. ती जवळ आली आणि माझ्या डोळ्यांकडं बघायला लागली. मग तिच्या ध्यानात आलं की बघायला तिला मान वर करावी लागतेय. मी तिच्याहून उंच झाले होते. ती रडली नाही. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं आणि नर्सला म्हणाली, हिला कशाला रडवता, लिंबाचं पानी द्या.

परत आणायला भाऊ आला. जीपमधली मधली सीट काढून त्यानं दोन गाद्या टाकल्या होत्या. मला आडवं करून, दोन्ही बाजूंना उशा लावून तो निघाला आणि पुण्यापासून इतका सावकाश चालवत आला की माय पेंगून पेंगून कंटाळली. धारूरच्या घाटात रस्ता फार खराब. भाऊ एकेका खड्ड्यापुढं थांबायचा, खाली वाकून बघायचा आणि चाक अंगुळभर पुढं घ्यायचा. मागं एक टेम्पोवाला अडकला. तो हॉर्न दाबतच राहिला. मग त्यानं शिवी दिली, काय बे, गाडीत अंडी हायेत का.

भावानं हँडब्रेक ओढला. पाना घेऊन तो खाली उतरला. मी पडल्या पडल्या काचेतून एवढंच बघितलं की टेम्पोचा दरवाजा उघडला आणि माणूस बाहेर ओढला गेला. मग आवाज. माय ओरडायला लागली की सोड त्याला. मला हसू आलं. हसलं की टाके ओढायचे, पाठीत सुया शिरायच्या, आणि तरी हसू थांबेना. मी गादीवर मुठी आपटत हसत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि बाहेर भाऊ त्या माणसाला घाटातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होता की माझी बहीण झोपलीय आत.