गुडघ्यातलं स्वल्प

माझ्या प्रशिक्षकाने मला फसवलं. माझ्या उजव्या गुडघ्याचं काय झालंय हे त्याला सामन्याच्या आदल्या दिवशी माहीत होतं, तरी त्याने मला मैदानावर उतरवलं.

मी फुटबॉलमधला, उजव्या बगलेने धावणारा फॉरवर्ड. मल्लेश्वरमच्या कॉलेजात खेळाडूंच्या कोट्यातून शिरलो तेव्हा पायातले बूटसुद्धा दुसऱ्याचे होते. गप्प बसणाऱ्याला काही मिळत नाही हे लवकर कळलं. कँटीनवाल्याशी भांडून रोजची दोन अंडी मिळवली, प्राचार्यांच्या दारात उभं राहून सरावाच्या दिवसांची हजेरी मिळवली. तीन वर्षं समोरच्या संघांचे बॅक माझ्यामागे धापा टाकत होते. मग व्यावसायिक क्लबने बोलावलं. तिथेही कराराचं पान न् पान वाचलं आणि खेळायची जागा लिहून घेतली, उजवी बगल. असा मी, एका शब्दाला फसलो.

दुसऱ्या हंगामात, उपांत्य सामन्याच्या दोन दिवस आधी, सरावात गुडघा पिरगळला. दुसऱ्या दिवशी स्कॅन झालं. रिपोर्टचं पाकीट प्रशिक्षकाच्या टेबलावर होतं, उघडून पुन्हा चिकटपट्टी लावलेलं. मी हात पुढे केला तर त्याने त्यावर चहाचा ग्लास ठेवला.

"काय आलंय, सर?"

"स्वल्प हरिदिदे. स्वल्प अष्टे, राजा."

म्हणजे कन्नडात, थोडं फाटलंय, थोडंसंच. दोन वर्षांत त्याने मला कधी राजा म्हटलं नव्हतं. तिथेच कान टवकारायला हवे होते. पण आमच्या मराठी घरी आई स्वल्प म्हणते ते चिमूटभर हिंगाला. मी तेवढंच धरलं.

सामन्यात विसाव्या मिनिटाला बॅकला चकवून आत वळलो. पाय तिथेच राहिला, मी पुढे पडलो.

हॉस्पिटलात अक्का, माझी थोरली बहीण, म्हणाली, "तू या गावातच जन्मलास ना? बस स्वल्प लेट आहे म्हणतात तेव्हा किती वेळ उभा राहतोस?"

"तासभर."

"मग गुडघ्यालाच घरचं माप कसं लावलंस रे?"

मी तिच्यावर ओरडलो. ती संत्रं सोलत राहिली. नंतर स्कॅनवाल्यांकडून रिपोर्टची दुसरी प्रत तिनेच आणली. लिगामेंट बहुतेक सगळं फाटलेलं, खेळू नये, असं स्पष्ट लिहिलं होतं. तारीख सामन्याच्या आदल्या दिवसाची.

माझा करार त्या हंगामाअखेर संपत होता. माझ्या जागी आलेला खेळाडू त्याच आठवड्यात चाचणी देऊन गेला होता. याला योगायोग म्हणणाऱ्याशी मी बोलत नाही.

आता मी बसवनगुडीतल्या घराचा जिना कठडा धरून चढतो. प्रशिक्षक अजून बाकावर बसून संघ निवडतो.

सर, तो ग्लास उचला. पाकीट कुणी उघडलं? वाचल्यावरही माझं नाव संघात कुणी लिहिलं? उत्तर द्या. कन्नडात द्या, चालेल. फक्त स्वल्प म्हणू नका.