अपडेट नंतर आलं

आज संध्याकाळी माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला. आवाजात नुसती साखर. म्हणाली, "बघ, शेवटी त्या फोनच्या अपडेटनेच पोरीचं नशीब उघडलं. माणसांना नाही आली, यंत्राला तरी दया आली."

मी "हो ना, हो ना" म्हटलं आणि फोन ठेवला. जेवणं झाली, ओटा पुसून झाला, घर निजलं, पण ते "हो ना" काही घशाखाली उतरेना. कारण ते खोटं आहे. म्हणून वही घेऊन बसले आहे. घडलं ते वेगळंच घडलं, आणि त्यात माझी चूक आहे तीही मीच सांगते. दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा ते बरं.

माझी मुलगी चोवीस वर्षांची आहे. तीन वर्षांची असताना एका तापात तिचे कान गेले. ती ओठ वाचते, आणि बोलतेही. आवाज जरा जाड आहे, शब्दांच्या कडा घासल्यासारख्या. नवख्या माणसाला पुन्हा विचारावं लागतं. ती दोनदा सांगते. तिसऱ्यांदा कुणी विचारलं तर म्हणते, "मला ऐकू येत नाही याचा दाखला आहे माझ्याकडे. तुमच्याकडे आहे का?" तिचे बाबा तिला फौजदार म्हणतात. ते पाणीपुरवठ्याच्या पंपावर कामाला आहेत, दिवसभर घरघर ऐकून घरी येतात आणि दारातच फौजदाराचा हुकूम होतो: चपला इकडे, डबा तिकडे, आणि बोलायचं तर माझ्याकडे बघून बोला. आमच्या घरात हाक मारायची म्हणजे दिव्याचं बटण दोनदा खालीवर करायचं. विजेचं बिल हाकांचंच जास्त येतं, असं ते म्हणतात.

पाच वर्षं ती एका चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काम करत होती. भिंग यंत्रावर धरायचं, फ्रेमच्या आकाराला घासायचं, कडा मारायच्या, बसवायचं. त्या यंत्राच्या आवाजाने तिच्याआधीचे दोघे पळाले होते. मालक कौतुकाने सांगत, "हिच्यासारखं माणूस नाही. पाच वर्षांत तक्रार म्हणून नाही."

तक्रार होती. फक्त त्यांनी तिच्याकडे बघून कधी विचारली नव्हती. तिला पुढे जायचं होतं, काउंटरवर. "पुढे मापं चुकतात आणि भिंग परत माझ्याकडे येतं," ती चिडून सांगायची. "मी हजारो चष्मे केले आई, पण एकही कुणाच्या नाकावर बसताना पाहिला नाही."

चार महिन्यांपूर्वी काउंटरवरच्या ताईने, नवऱ्याची बदली झाली म्हणून, नोकरी सोडायचं ठरवलं. त्याच सुमारास फोनच्या कंपनीने जाहीर केलं की पुढच्या मोठ्या अपडेटमध्ये समोरचा माणूस बोलेल ते लगोलग पडद्यावर उमटेल, तेही आपल्या भाषेत. फोनवरचं बोलणंसुद्धा. मालक फौजदाराला म्हणाले, "तुझ्या फोनमध्ये ते येऊ दे, मग काउंटर तुझं. ताई जाईपर्यंत आलं नाही तर मात्र माझ्या भाचीला बसवावं लागेल." भाची परीक्षा देऊन मोकळी होती, नखं रंगवून तयारच.

मग सुरू झालं वाट बघणं. अपडेट सगळ्यांना एकदम मिळत नाही, टप्प्याटप्प्याने येतं, हे मला तेव्हा कळलं. शेजारणीच्या मुलाच्या फोनवर आलं. बँकेतल्या शिपायाच्या फोनवर आलं, ज्याला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. आमच्याकडे नाही. मी रोज सकाळी फौजदार उठायच्या आत तिचा फोन उघडून बघायची, आणि तो रोज निर्लज्जपणे सांगायचा, तुमचा फोन अद्ययावत आहे. मोबाइलच्या दुकानात तर इतक्या चकरा मारल्या की तो पोरगा मला लांबून बघूनच मान हलवायला लागला. "काकू, तुमचं मॉडेल यादीत आहे. येईल. कधी येईल ते मात्र माझ्या बापालाही सांगता यायचं नाही."

तोच म्हणाला की जागा भरपूर लागेल, फोन रिकामा करून ठेवा. मी तिच्या फोनमधले जुने व्हिडिओ पुसायला घेतले. तिच्या शाळेतल्या मैत्रिणींचे होते, हातवारे करून गप्पा मारतानाचे, पाच-पाच मिनिटांचे. फौजदाराने फोन हिसकावून घेतला.

"माझ्या मैत्रिणी पुसून दुसऱ्यांची बडबड वाचू का मी?"

"अगं, काउंटरचा प्रश्न आहे!"

"मग तुझे स्वयंपाकाचे फोटो पुस. भाजीचे चाळीस आहेत. सगळी भाजी एकच."

तिचे बाबा हसून हसून वाकले. मी भाज्या पुसल्या.

आता माझी चूक. मालकांची ती अट मालकांची नव्हतीच. माझी होती.

ताई सोडून जाणार हे कळलं त्याच आठवड्यात मी गुपचूप दुकानात गेले होते. मालकांना म्हटलं, तिने काउंटर मागितलं तर लगेच हो म्हणू नका. ते नवीन अपडेट येऊ दे, मग बघा. मालक भले माणूस, आईच म्हणतेय म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली.

मी असं का केलं? ती बारा वर्षांची असताना आम्ही एकदा वह्या घ्यायला गेलो होतो. तिने दुकानदाराला स्वतः सांगितलं, चार वह्या, दोन रेघी. पैसे देऊन आम्ही वळलो आणि मागून त्याने तिच्या आवाजाची नक्कल केली. दोन गिऱ्हाइकं हसली. तिची पाठ होती, तिला कळलंच नाही. उड्या मारत पुढे गेली. ऐकलं मी. ते हसू बारा वर्षं माझ्या कानात आहे, आणि काउंटर म्हटलं की मला तेच ऐकू येतं. मी वळून त्या माणसाला काही बोलले नव्हते, हेही त्यात आलं.

ताई शनिवारी शेवटची येणार होती. बुधवारपर्यंत अपडेटचा पत्ता नव्हता. मी पुन्हा दुकानात गेले. भाचीला बसवू नका, पण फौजदारालाही आत्ताच नको, पंधरा दिवस तुम्हीच सांभाळा, असं काहीतरी मधलं सुचवायचं होतं. फौजदार मागच्या खोलीत होती, दार अर्धं उघडं. मी मुद्दाम तिकडे पाठ करून उभी राहिले. तिच्यापासून काही लपवायचं तर आम्ही घरात हेच करतो. पाठ केली की झालं.

मालकांना म्हटलं, "मागच्या वेळी सांगितलं होतं ना मी, तसंच आणखी थोडे दिवस धरून ठेवा. कुणी तिच्या बोलण्याला हसलं तर मला नाही सहन व्हायचं."

बोलता बोलता माझी नजर वर गेली. चष्म्याच्या दुकानात काउंटरमागे काय असतं? आरसे. भिंतभर आरसे. त्यातल्या एकात माझा चेहरा होता, हलणारे ओठ होते, आणि दुसऱ्यात, अर्ध्या दारातून, माझ्या ओठांकडे बघत उभी असलेली माझी मुलगी.

ती बाहेर आली. एप्रनवर भिंगं घासतानाच्या पाण्याचे पांढरे डाग. सगळ्यांसमोर, आपल्या त्याच जाड आवाजात म्हणाली, "अपडेट कुणाला हवं होतं? मला की तुला?"



तेवढ्यात एक आजोबा आत आले. निवृत्त बसचालक, हे नंतर कळलं. हातात तुटका चष्मा, दुसरा हात पुढे करून चाचपडत. ताई जेवायला गेली होती. मालक उठू लागले तसा फौजदाराने त्यांना हाताने थांबवलं, वाहतूक थांबवावी तसं. आजोबांना खुर्चीत बसवलं आणि स्वतः त्यांच्यासमोर, वीतभर अंतरावर बसली.

आजोबा मिशीतल्या मिशीत काहीतरी पुटपुटले. तोंडावर हात. तिने तो हात धरून खाली मांडीवर ठेवला. "हात खाली. आता बोला. मला ऐकू येत नाही."

"काय?"

"मला ऐकू येत नाही! ओठ बघून कळतं!"

आजोबा डोळे बारीक करून तिच्याकडे बघत राहिले. "मला ऐकायला येतं. दिसत नाही."

"मला दिसतं," फौजदार म्हणाली. "दोघांचं मिळून भागेल."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, हसतात का म्हणून. ते हसले नाहीत. तक्रार करायला लागले. हा चष्मा वर्षभर नाकावरून घसरतोय, चार वेळा येऊन गेलो, सगळे म्हणतात नाक बसकं आहे. ती त्यांचा चेहरा बघत होती. इतका वेळ कुणी कुणाच्या चेहऱ्याकडे बघत नाही. मग दोन्ही कानांमागे बोटं लावून म्हणाली, "नाक चांगलं आहे. डावा कान खाली आहे."

"सत्तर वर्षं आरशात बघतोय मी!"

"नीट नाही बघितलं."

तुटलेला भाग बदलला, दांडी गरम हवेवर धरून वाकवली, चढवली, काढली, पुन्हा वाकवली. मग म्हणाली, "खाली वाका. चप्पल बघा." आजोबा वाकले. चष्मा जागचा हलला नाही. त्यांनी मान झटकली, उजवीकडे, डावीकडे, बैलासारखी. नाही हलला. तेव्हा ते हसले, पण ते हसू मला माहीत असलेलं हसू नव्हतं.

ते गेल्यावर मालक घसा खाकरून म्हणाले, "बरं. शनिवारपर्यंत बघू."

"बघू नाही. सोमवार."

"अगं पण दुकानाचा फोन वाजला तर? कोण घेणार?"

"तुम्ही. तुम्हाला ऐकू येतं ना?"

मालक माझ्याकडे बघायला लागले. मी प्रथमच काही बोलले नाही, आणि ते बरं केलं. "सोमवार," ते म्हणाले, "आणि भाचीची समजूत तूच घाल."

भाचीची समजूत घालणं सोपं गेलं. तिला चष्म्यांत रस नव्हताच, मामाचा मान राखत होती बिचारी. अवघड गेलं ते माझं. आमच्या घरात अबोला म्हणजे न बघणं. बुधवार ते शुक्रवार फौजदाराने माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. ताटात वाढलेलं जेवली, डबा नेला, पण नजर भिंतीवर. मी दिव्याचं बटण खालीवर करून करून थकले. तिचे बाबा मध्ये पडले नाहीत. "तुझं तू निस्तर," म्हणाले.

शुक्रवारी मी कागदावर वह्यांच्या दुकानातला तो प्रसंग लिहिला आणि तिच्या डब्यावर ठेवला. तिने उभ्याउभ्याच वाचला. मग माझ्याकडे बघितलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"तुझी पाठ होती!"

"तुझं तोंड दिसत होतं ना. घरी येईपर्यंत." चप्पल घालता घालता म्हणाली, "तो हसला म्हणून मी वह्या घ्यायचं सोडलं का? तू सोडलंस. त्यानंतर प्रत्येक दुकानात तूच बोललीस."

सोमवारी ती काउंटरवर उभी राहिली. पहिल्या आठवड्यात दोघे परत गेले. एकीने मालकांना विचारलं, दुसरं कुणी नाही का? मालकांनी सांगितलं, आहे, पण ती आत भिंगं घासायला शिकतेय. भाची होती ती. मामाचा मान अजून फिटला नव्हता. नक्कलही एकाने केली म्हणे, आरशांनी भरलेल्या दुकानात. फौजदाराने दोन्ही हात कमरेवर ठेवून त्याला ती जागच्या जागी पुन्हा करून दाखवायला सांगितली. त्याला जमली नाही.

आणि अपडेट? ते तीन आठवड्यांनी एका गुरुवारी सकाळी आलं. फौजदार केस बांधत होती, फोन टेबलावर उजळला. मीच आधी पाहिलं. खाली दोन चौकटी: आता, नंतर. मी धावत जाऊन तिच्यासमोर फोन नाचवला. "आलं! आलं बघ! दाब 'आता'!"

तिने वाचलं. "तासभर लागेल म्हणतोय. नऊला शटर उघडायचंय." दुकानाची किल्ली आता तिच्याकडे असते. तिने 'नंतर' दाबलं आणि निघून गेली.

चार महिने मी ज्याच्या पाया पडायची बाकी होते, ते चार दिवस तसंच ताटकळत पडून राहिलं. सुट्टीच्या दिवशी तिने चढवलं. चांगलं आहे, खोटं कशाला बोलू? दवाखान्यात, बँकेत कामाला येतं. काउंटरवर ती वापरत नाही. म्हणते, गिऱ्हाईक फोनकडे बघायला लागलं की मान वाकते आणि माप चुकतं. पहिल्या दिवशी तिने तो फोन जेवणाच्या टेबलावर ठेवला. मी आणि तिचे बाबा गॅसच्या सिलिंडरवरून वाद घालत होतो. ती दहा मिनिटं वाचत बसली आणि म्हणाली, "दिवसभर हेच बोलता तुम्ही? मी उगाच वाईट वाटून घेत होते."

उद्या सकाळी मी बहिणीला फोन करणार आहे. फौजदार कामाला निघायच्या आत, तिच्यासमोर बसून, स्पीकर लावून आणि तिचा फोन मध्ये ठेवून. सांगणार आहे की ती आधी काउंटरवर गेली, अपडेट नंतर आलं. आणि बहिणीने पुन्हा दयेचं नाव काढलं तर या वेळी मी वळून बोलणार आहे.