माझ्या घरचा लाहा

आमच्या सातपुड्यात घर शाकारायचं तर मजूर लावत नाहीत, लाहा बोलावतात. पाड्यातल्या प्रत्येक घरातून एक माणूस येतो, दिवसभर राबतो, उडदाची डाळ-भाकर खाऊन परत जातो. मजुरी नाही. उद्या त्याच्याकडे काम निघालं की आपण जायचं.

मास्तरकी संपवून मी अक्कलकुव्याहून पाड्यावर परतलो आणि पावसाआधी घर शाकारायचं ठरवलं. आपण कुणाकडे गेलोच नाही तर आपल्याकडे कोण येणार, या धाकानं मी दिसेल त्या लाह्याला जाऊ लागलो. काम करताना काही वाटायचं नाही. तरण्या पोरांबरोबर वासे उचलले, कौलं वर पोचवली. तरुणपणी असं दमलो तर एका झोपेत ताजा व्हायचो. आता थकवा सावकाश येतो आणि मुक्कामाला राहतो. दुसऱ्या दिवशी नुसतं अंग जड, तिसऱ्या दिवशी खाटेवरून उठायला बायकोचा हात लागतो.

"पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात," ती म्हणाली, "दमाचंही येत नाही."

मी कसला ऐकतो! अंग सावरायच्या आत पुन्हा गेलो आणि कंबर धरली. शेजारच्या विधवा बाईकडे लाहा होता, त्या दिवशी मी खाटेवर पडून तिच्या छपरावरचे आवाज ऐकत होतो. इतकी लाज मला उभ्या नोकरीत वाटली नव्हती.

माझ्या लाह्याच्या दिवशी बायकोनं पहाटेच मोठ्या हंड्यात डाळ शिजत घातली. मी चिडलोच.

"एवढी खाणार कोण?"

तिनं चुलीत आणखी एक लाकूड सारलं. उन्हं वर यायच्या आत अंगण माणसांनी भरलं. सगळ्यांत पुढे ती शेजारीण. मला भरून आलं. ते दिसू नये म्हणून मी शिडी उचलायला गेलो, तर तिनं ती माझ्या हातातून काढून घेतली.

"तुझ्याकडे मला येता आलं नाही गं," मी म्हणालो.

"म्हणून तर आम्ही आलो, दादा," ती आमच्या बोलीत म्हणाली. "तुझ्यानं होत असतं, तर तुझं घर तूच शाकारलं असतं. मग लाहा कशाला लागला असता?"

मी ओट्यावर बसलो. पोरं छपरावर चढली. गावी परतल्यापासून पहिल्यांदाच मी दमलोय हे मला कुणापासून लपवावं लागलं नाही.