दार बंद होण्याआधीचं वाक्य

सिनेमाचा सहावा भाग पाहून अमरावतीच्या मल्टिप्लेक्समधून बाहेर पडलो तेव्हा माझं डोकं तापलं होतं. परग्रहावरची वस्ती, ती सोडून निघालेली माणसं, आणि सगळ्यांना यानात बसवून स्वतः मागे राहणारं एक यंत्र. पहिल्या भागात हेच होतं. तिसऱ्यातही हेच होतं, फक्त वस्ती बर्फातली होती. आता सहाव्यात नायिकेच्या जागी तिची मुलगी आली, यंत्राला नवा रंग दिला, बाकी तोच लाल दिवा, तेच दार, तोच वर केलेला हात. ओळखीचं काही दिसलं की लोक टाळ्या वाजवत होते. शिळ्या कढीला ऊत आणायचा आणि त्याला जुन्याचा मान राखणं म्हणायचं, हा धंदा मला सहन होत नाही.

त्यात आणखी एक गोष्ट टोचत होती. एवढं सगळं घेतलं आणि नेमकं वाक्य सोडलं. पहिल्या भागात दार बंद होण्याआधी ते यंत्र म्हणतं, ‘तुम्ही जा, मी आहे इथे.’ माझ्या मते सगळी मालिका त्या एका वाक्यावर उभी होती. मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो. त्या वाक्यावर मी वर्गात तासच्या तास बोललो आहे, बाहेर व्याख्यानं ठोकली आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळही न करता मी स्थानिक पेपरासाठी जहाल लेख लिहिला. यांना जुन्या सिनेमाची हाडं तेवढी दिसली, जीव दिसला नाही, असं त्यात होतं. रविवारी तो छापून आला आणि मी दिवसभर खुशीत होतो.

बुधवारी वाचकांच्या पत्रांत चार ओळी आल्या. कुणीतरी पहिला भाग पुन्हा पाहिला होता. त्यात असं वाक्य कुठेच नाही, सरांनी नक्की कोणता सिनेमा पाहिला, असं त्याने विचारलं होतं. मी तणतणत मोबाइलवर तो भाग लावला, खाली सबटायटल्स ठेवली. शेवटी यंत्र म्हणतं, दार दहा सेकंदांत बंद होईल, दारापासून दूर राहा. तीनदा मागे नेऊन पाहिलं. वर केलेला हात निरोपाचा नव्हता, दाराचा दांडा ओढायला उचलला होता.

मग ते वाक्य आलं कुठून, हे मला लगेच कळलं. आम्ही अकोल्यात दहावीला होतो. रविवारी टॉकीजमध्ये सकाळच्या शोला इंग्रजी सिनेमे लागायचे. हा पहिला भाग लागला तेव्हा वर्गातले आम्ही सात-आठ जण एका ओळीत बसलो होतो. माझ्या शेजारी माझा मित्र होता. घरी उर्दू, आमच्यात वऱ्हाडी, आणि इंग्रजीत हमखास नापास. त्याने तो सिनेमा ओळीला ऐकू जाईल अशा आवाजात वऱ्हाडीत सांगितला. पुढचे लोक मागे वळून म्हणाले, जरा जोरात सांग. दार बंद होताना तो म्हणाला होता, ‘तुमी जा, मी आहो अठी.’

त्याच बुधवारी दुपारी मी अकोल्याची एसटी पकडली. मूर्तिजापूर येईपर्यंत त्याला काय काय सुनवायचं ते सगळं ठरलं होतं. त्याचं गाद्या-रजयांचं वडिलोपार्जित दुकान आहे. तो रजईला टाके घालत बसला होता. मला पाहून हरखला, आत चहाचा निरोप धाडला. मी बसलोही नाही. तुझ्या थापांमुळे माझी शोभा झाली, पोरं वर्गात हसतील, इतक्या वर्षांची इज्जत गेली, असं मी उभ्या उभ्या बोलत सुटलो. माझा दम संपल्यावर त्याने सुई रजईत खोचून ठेवली.

“तुले त येत होतं इंग्रजी,” तो म्हणाला. “मंग माह्यं काहून आयकलं?”

उत्तरही त्यानेच दिलं, आवाज न चढवता.

“तू वर्गात इंग्रजीत पयला. सारी लाइन तुलेच इचारून राहिली होती, काय म्हनते, काय म्हनते. अन् तू नुसता पडद्याकडं पाहून राहिला. घामाघूम झाला होता. तुले एक अक्षर समजून नोतं राहिलं. मंग म्या सुरू केलं, तोंडात आलं ते.”

मला ते आठवलं. प्रश्न मला होता आणि त्याने बोलायला सुरुवात केल्यावर मला कुणीच पुन्हा विचारलं नाही. पुढे कॉलेजात मी हा किस्सा विनोद म्हणून सांगायचो, इंग्रजीत नापास पोराने केलेलं भाषांतर म्हणून. पोट धरून हसायचे सगळे. हळूहळू किस्सा गळाला आणि वाक्य राहिलं, आणि ते मी माझं केलं. सिनेमावाल्यांनी निदान पहिल्या भागाचं नाव तरी सुरुवातीच्या पाटीवर घातलं होतं. मी तेवढीही लाज ठेवली नव्हती. मला माझाच इतका संताप आला की कपाळ भिंतीवर आपटून घ्यावंसं वाटलं.

चहा आला. तो मी निमूट घेतला. मग त्याला म्हटलं, पेपरात दुरुस्ती देतो, वाक्य सिनेमातलं नव्हे, तुझं आहे असं लिहितो.

“नको लिहू,” तो म्हणाला. “मंग त्या दिवशी तुले काईच समजलं नोतं, हेबी लिहा लागन.”

म्हणून दोन्ही लिहिलं आहे.